रोग नव्हता, पण जखम आहे

परभणीहून मानवतकडे निघालं की वाटेत पेडगाव लागतं. तिथल्या एका भगिनीनं आपल्या रेडिओ केंद्राकडे एक प्रश्न पाठवला आहे. आजचं माझं सगळं बोलणं त्या प्रश्नावरच आहे, कारण तो एकट्या त्यांचा नाही. त्यांचं वय चाळिशीच्या आतलं. मागं डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, केमो झाली, किरणांचा शेक झाला. त्यांच्या आईला आणि मावशीलाही हाच आजार होता, म्हणून रक्ताची जनुकीय तपासणी केली. त्यात दोष आढळला. मग डॉक्टरांशी आणि घरच्यांशी बोलून त्यांनी उजवा स्तन आणि दोन्ही बीजकोश आधीच काढून घेतले. आता त्या लिहितात, "उजवीकडं रोग नव्हताच, त्यामुळं घरचे म्हणतात की आता कशाचं दुखणं. वेचणीचे दिवस आहेत. मी कामाला कधी लागू? हात वर जात नाही, रात्री अंगातून वाफा निघतात, आणि कारण नसताना रडू येतं."

मी आधी घरच्यांशी बोलते. सासूबाई, जाऊबाई, नवरा, मोठी मुलं, जे कोणी रेडिओजवळ असाल त्यांनी ऐका. रोग असलेला स्तन काढला काय आणि रोग नसलेला काढला काय, कातडी तेवढीच कापली जाते, नसा तेवढ्याच तुटतात, आतली जागा तेवढीच मोकळी होते. जखमेला रिपोर्ट वाचता येत नाही. तिला भरून यायला जो वेळ लागतो तो लागतोच. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी सगळं घर धावलं होतं, कारण जीव धोक्यात होता. या वेळी कोणी धावत नाही, कारण धोका टळला आहे. या बायकांचे सगळ्यात जास्त हाल इथंच होतात. टाके सुकायच्या आत त्या हंडा उचलतात, आणि महिन्याभरानं खांदा आखडलेला घेऊन आमच्यासमोर येऊन बसतात.

हे ऑपरेशन करतात तरी कशासाठी, ते थोडक्यात सांगते. आपल्या शरीरात बीआरसीए एक आणि बीआरसीए दोन अशी दोन जनुकं आहेत. पेशीच्या गुणसूत्रांमध्ये बिघाड झाला की तो दुरुस्त करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा असतो. अमेरिकेतल्या मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये पहिल्या जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवली. १९९४ आणि १९९५ मध्ये ही दोन्ही जनुकं नेमकी हाती लागली. यातलं एखादं जन्मतःच बिघडलेलं असेल तर दुरुस्ती नीट होत नाही आणि कॅन्सरची शक्यता पुष्कळ वाढते. परदेशातल्या हजारो कुटुंबांच्या अभ्यासात असं दिसलं की, असा दोष असलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे सत्तर जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो. एका बाजूला तो झाल्यावर पुढच्या वीस वर्षांत दुसऱ्या बाजूला होण्याचं प्रमाण बीआरसीए एकच्या दोषात शंभरात साधारण ४० आणि दोनच्या दोषात साधारण २६ निघालं. निरोगी बाजू आधीच काढली तर हा नव्या कॅन्सरचा धोका नव्वद टक्क्यांहून अधिक कमी होतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या ऑपरेशननं पहिला कॅन्सर बरा होत नाही. त्याच्या गोळ्या, त्याच्या तपासण्या ठरल्याप्रमाणे चालूच ठेवायच्या. टॅमॉक्सिफेनसारखी गोळी चालू असेल, तर "आता दोन्ही बाजू काढल्या, गोळी कशाला" असं म्हणून ती मनानं बंद करू नका.

२०१३ साली अँजेलिना जोली या अमेरिकन अभिनेत्रीनं आपण दोन्ही स्तन काढून घेतल्याचं वर्तमानपत्रात स्वतः लिहून जाहीर केलं. तिला कॅन्सर झालेला नव्हता, बीआरसीए एकचा दोष होता. तिची आई छप्पन्नाव्या वर्षी गेली होती. २०१५ मध्ये तिनं बीजकोशही काढले. तिच्या त्या लेखानं जगभरच्या बायकांना धीर दिला, आणि त्याबद्दल मला तिच्याविषयी आदर आहे. पण पाणी कोण भरणार, म्हशीची धार कोण काढणार, हे प्रश्न तिच्यापुढं नव्हते. पेडगावात ते पहिल्या दिवसापासून आहेत, म्हणून आपण त्यांच्याकडं वळू.

दवाखान्यातून घरी येताना छातीच्या बाजूला बहुधा एक नळी असते आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा डबा. आतलं रक्ताळ पाणी त्यात उतरतं. पहिल्या दिवशी ते लाल असतं, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातं. रोज ठरलेल्या वेळी ते मोजायचं, वहीत लिहायचं आणि ओतून द्यायचं. हात साबणानं धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. चोवीस तासांत पंचवीस-तीस मिलिलिटरच्या खाली दोन दिवस लागोपाठ आलं की डॉक्टर बहुधा नळी काढतात. ती वही सोबत न्या, नुसतं "कमी झालंय" म्हणून आम्हाला ठरवता येत नाही. डबा झंपराला आतून पिनेनं अडकवून ठेवला म्हणजे नळीला ओढ बसत नाही. त्या दिवसांत झंपर पुढून उघडणारा आणि सैल असावा, डोक्यातून काढायचे कपडे नकोत.

नळी काढल्यावर कधी कधी कातडीखाली पाणी साठतं, हात लावला की लुबलुबतं. घाबरू नका, दवाखान्यात सुईनं ते काढून टाकता येतं. मात्र जखमेभोवती लाली पसरत चालली, पू किंवा वास यायला लागला, ताप १०० च्या वर गेला, तर सकाळची वाट न बघता दाखवा. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला, तर तो तातडीचा प्रश्न समजा आणि सरळ परभणी गाठा. आणि कृपा करून जखमेवर हळद, तंबाखू, झाडपाल्याचा लेप काही लावू नका. कोरडी आणि स्वच्छ, एवढंच तिला हवं असतं.

खाण्याची पथ्यं आपल्याकडे बाईला फार लावतात. आंबट नको, भात नको, डाळीनं पू होतो, शेंगदाण्यानं जखम चिघळते. यातलं काहीही खरं नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि ती डाळीत, शेंगदाण्यात, अंड्यात, दुधात आहेत. ज्वारीची भाकरी, पिठलं, मुगाची उसळ, दही हे सगळं पोटभर खाऊ द्या. ज्या बाईला आपण नंतर उरलंसुरलं वाढतो, तिला या दिवसांत आधी वाढा.

आता हात. हा भाग मी सावकाश सांगते, कारण खरा घोटाळा इथं होतो. काही जणी दुखतं म्हणून हात छातीशी धरून बसतात आणि काही दुसऱ्याच दिवशी केर काढायला वाकतात. दोन्ही चुकीचं आहे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून बोटं, मनगट आणि कोपर हलवायचं. मूठ उघडायची, मिटायची. खांदे गोल फिरवायचे. वेणी घालायचा प्रयत्न करायचा, जमेल तेवढाच. नळी असेपर्यंत कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही. नळी निघाल्यावर डॉक्टरांना विचारून भिंतीचा व्यायाम सुरू करा. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत जायचं. जिथं ओढ बसेल तिथं थांबायचं, दहा श्वास घ्यायचे, हळू उतरायचं. त्या जागी कोळशानं खूण करा. दुसऱ्या दिवशी खुणेच्या जरा वर. असं दिवसातून तीन वेळा. एक काठी दोन्ही हातांत आडवी धरून डोक्यावर नेणं हाही चांगला व्यायाम आहे. थोडी ओढ बसलीच पाहिजे, पण कळ येता कामा नये. ज्या बाजूला शेक दिला आहे तिथली कातडी आणि स्नायू महिनोन्‌महिने आवळत राहतात, म्हणून त्या बाजूचा व्यायाम खांदा मोकळा झाला तरी सोडायचा नाही.

नवीन स्तन बसवून घेतला असेल, म्हणजे आत सिलिकॉन घातलं असेल किंवा पोटाचं मांस लावलं असेल, तर हे सगळं वेगळं असतं. तिथं तुमचे सर्जन सांगतील तेच.

कामाचं म्हणाल तर पहिले चार ते सहा आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही. भरलेली कळशी यात बसत नाही, कडेवरचं लेकरू तर नाहीच. लेकराला जवळ घ्यायचं असेल तर बसून मांडीवर घ्या. चहा करणं, भाजी निवडणं, ताट वाढणं पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून चालेल. दोन-चार भाकऱ्या थापायला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर हरकत नसते, पण परातभर पीठ मळणं म्हणजे छातीच्या स्नायूवर सगळा जोर, ते दुसऱ्या कोणी करावं. हापसा हे सगळ्यात वाईट काम, कारण त्यात खांदा वर जातो आणि लगेच जोरानं खाली येतो. दोन महिने हापशाला हात लावू नका. म्हशीखाली बसणंही तोवर नको. धार काढताना हातावर जोर येतो, आणि म्हशीनं पाय झाडला तर तो नेमका छातीवर बसतो.

कापूस वेचायला साधारण दोन महिन्यांनी जाता येईल, सुरुवातीला अर्धा दिवस. वेचलेल्या कापसाची झोळी खांद्याला अडकवायची नाही, कमरेला बांधायची आणि लवकर लवकर रिकामी करायची. संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन येणं या हंगामात दुसऱ्याकडं द्या. मला कल्पना आहे की वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि एक माणूस घरी बसला की तेवढे पैसे बुडतात. पण आखडलेला खांदा पुढचे अनेक हंगाम खातो, हेही हिशेबात धरा.

पेडगावच्या ताईंसाठी आणखी एक महत्त्वाचं. त्यांच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत. डावीकडं कॅन्सर होता, तिथं काखेतल्या गाठी काढलेल्या असणार. उजवीकडं रोग नसल्यामुळं त्या बहुतेक वेळा काढत नाहीत. काखेतल्या गाठी गेल्या की त्या हातातलं पाणी परतायची वाट अरुंद होते आणि हात सुजू शकतो. म्हणून इंजेक्शन, सलाईन, रक्तदाबाचा पट्टा हे सगळं उजव्या हाताला करायला सांगा. दवाखान्यात आपणहून सांगा, घाईत कोणी विचारत नाही. पिकलेल्या बोंडाची वाळलेली टोकं वेचताना बोटांना टोचतात. डाव्या हातात जुना पायमोजा किंवा हातमोजा घाला. ओरखडा उठला तर लगेच साबणानं धुवा. हात लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी गोळ्या सुरू व्हायला हव्यात. डाव्या हातातल्या बांगड्या घट्ट व्हायला लागल्या तर ती सुजेची पहिली खूण असते, तेव्हाच दाखवा.

रात्रीच्या वाफांचा प्रश्न बीजकोशांमुळं आहे. पाळी जायचं वय झालं की हार्मोन हळूहळू कमी होतात, शरीराला सवय करायला काही वर्षं मिळतात. इथं ते एका दिवसात थांबले. म्हणून वाफा, घाम, झोप उडणं, चिडचिड, योनीमार्गाचा कोरडेपणा, सांधे धरणं, सगळं एकदम येतं. रडू येण्याचं एक कारणही तेच आहे. त्यावर औषधं आहेत. पण ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेला आहे त्यांना हार्मोनच्या गोळ्या सहसा देत नाहीत, तेव्हा दुकानातून मागून काही घेऊ नका. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होतो, म्हणून कोणत्याही डॉक्टरांना आपली चालू गोळी आधी दाखवा. कोरडेपणासाठी साधं पाण्याचं जेल मिळतं, आणि ते मागायला लाजू नका. हाडंही आता लवकर ठिसूळ होतील, त्यासाठी दूध, तीळ, रोजचं चालणं, कोवळं ऊन, आणि डॉक्टरांनी दिल्या तर कॅल्शियम व जीवनसत्त्व ड च्या गोळ्या. हाडांची घनता मोजायची तपासणी एकदा करून ठेवा.

इथं आपल्या भागातली एक गोष्ट बोलावीच लागेल. मराठवाड्यात तरुण वयातच गर्भपिशवी काढलेल्या बायका गावोगाव आहेत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या अशा ऑपरेशनांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली. त्यामुळं "आणखी एक अवयव काढायचा" म्हटलं की बायकांना संशय येतो. तो संशय योग्य आहे. नुसत्या भीतीनं, नुसत्या सोनोग्राफीवर किंवा कोणी घाई केली म्हणून असं ऑपरेशन करू नका. जनुकीय तपासणीचा लेखी रिपोर्ट आणि तो समजावून सांगणारा समुपदेशक, हे दोन्ही आधी हवेत. दुसरी बाजूही ऐका. पिशवी काढलेली आहे म्हणजे धोका संपला, असं नाही. बीआरसीएच्या दोषात अंडाशयाचा, म्हणजे बीजकोशाचाही कॅन्सर होऊ शकतो, आणि पिशवी काढताना बीजकोश पुष्कळदा तसेच ठेवलेले असतात. जुना डिस्चार्जचा कागद शोधा आणि त्यावर काय काढलं ते डॉक्टरांकडून वाचून घ्या. बीजकोश आणि बीजवाहक नळ्या काढायचं वय बीआरसीए एकच्या दोषात साधारण ३५ ते ४० आणि दोनच्या दोषात ४० ते ४५ धरतात, अर्थात मुलं झाल्यावर.

आता त्या रडण्याचं दुसरं कारण. ताई, रोग झालेला अवयव गेला तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, जाऊ दे, बला गेली. या वेळी गेला तो चांगला, धडधाकट अवयव. कदाचित त्यानं लेकरांना पाजलं असेल. तो तुम्ही स्वतः, विचार करून, सही करून दिला. त्याचं दुःख होणारच, आणि दुःख होतंय म्हणजे निर्णय चुकला असं मुळीच नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. घरचे म्हणतात, "बरं झालं, टळलं." त्यांच्या मनात मायाच असते, पण त्या एका वाक्यानं बाईचं तोंड बंद होतं. त्यापेक्षा जवळ बसा. तिला बोलू द्या. ताई, आरशात बघायची घाई करू नका, पण जखम बरी झाल्यावर एकदा शांतपणे बघा, हात लावून बघा. छातीवर बधिरपणा राहील, काही भागात कायमचा. कधी नसलेल्या स्तनाला खाज सुटल्यासारखं वाटेल. हे वेड नव्हे, तुटलेल्या नसांचं काम आहे. जखम भरल्यावर झंपरात घालायला सुती किंवा सिलिकॉनची कृत्रिम जोडी मिळते. ती घालायची की नाही, हे तुमच्या मर्जीवर. दोन्ही बाजू सपाट ठेवून आनंदानं वावरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

नवऱ्यांना एवढंच सांगते, तिच्याकडं बघायचं टाळू नका. तिला ते लगेच कळतं. दोन-तीन आठवड्यांनंतरही दिवसभर उदास वाटत असेल, खाणं-झोप गेली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार तज्ज्ञांना भेटा किंवा १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

स्तन काढल्यावरही थोडीशी ऊती उरते, म्हणून महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी छातीवर, काखेत बोटं फिरवून बघत राहा. तांदळाएवढी गाठ लागली तरी दाखवा.

राहिला नातेवाइकांचा विषय. हा दोष आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे सासरी नांदणाऱ्या बहिणीला सांगा, भावालाही सांगा. पुरुषांतही यामुळं प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचा कॅन्सर होतो, आणि त्यांच्याकडून हा दोष मुलींकडं जाऊ शकतो. एकदा घरातला दोष माहीत असला की बाकीच्यांची तपासणी नेमक्या त्याच जागेची करायची असते, त्यामुळं ती सोपी पडते. दोष निघाला म्हणजे लगेच ऑपरेशन, असं नसतं. वर्षाला एमआरआय, तिशीनंतर मॅमोग्राफी, सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी, हाही मार्ग आहे. लहान मुलींची तपासणी अठराच्या आत करत नाहीत, बहुधा पंचविशीच्या आसपास करतात. सोयरीक मोडेल म्हणून आया गप्प राहतात, ते मला समजतं. रिपोर्ट गावाला दाखवायची गरज नाही. तो तिचा आहे, कोणाला सांगायचा ते ती ठरवील. पण तिच्यापासून लपवू नका.

जनुकीय सल्ल्यासाठी टाटा मेमोरियलच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात कॅन्सर जनुकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. ऑपरेशन आणि उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याला जवळचं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आहेत. पण आधीच काळजी म्हणून करायचं ऑपरेशन आणि जनुकीय तपासणी यांची मंजुरी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधी विचारून घ्या, मगच तारीख ठरवा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के सूट आहे. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या. परतीच्या प्रवासात खालचा बर्थ मागा आणि काखेखाली धरायला एक मऊ उशी घरूनच न्या.